बोबडा बीकन

गुलजारला कुणी विचारलं, की बाबा रे, विमानात तू नेमकं करतोस तरी काय, तर तो एकाच शब्दात सांगायचा, "ऐकतो." विमान उडवणारे दोघं पुढं बसायचे आणि हा त्यांच्या पाठीमागं, जेमतेम गुडघे मावतील एवढ्या जागेत, कानाला हेडफोन लावून. चिंचवड स्टेशनाजवळच्या त्यांच्या आळीत ह्या उत्तराची फार थट्टा व्हायची. शेजारच्या मंजुळाबाई तर तोंडावर म्हणायच्या, "नुसतं ऐकायची नोकरी? मग आमच्या ह्यास्नी न्या की. लगीन झाल्यापास्नं दुसरं काय करत्यात?"

गुलजार हसून सोडून द्यायचा. त्या ऐकण्यावर वीसएक माणसांचा जीव टांगलेला असतो, हे त्यानं घरी कधी सांगितलंच नाही. आई घाबरेल म्हणून तिला नाही सांगितलं, आणि बापाला यंत्रातलं सगळं कळतं, त्याला काय सांगायचं, म्हणून त्यालाही नाही. हे न सांगणं केवढ्याला पडणार होतं, ते त्या पोराला कुठं ठाऊक!

बाप म्हणजे चांदभाई. मुंबई-पुणे रस्त्याला लागून त्याची पत्र्याची शेड होती. लढाईच्या काळात तो देहूरोडच्या लष्करी डेपोत वायरलेसची यंत्रं दुरुस्त करायला होता. लढाई संपली तसा ट्रकांचे हॉर्न, डायनामो, बॅटऱ्या आणि कुणाकुणाचे रेडिओ असं जे येईल ते करायला लागला. माणूस तापट, पण हात असा की मेलेली वस्तू उठून बसावी. आणि त्याचा एक नेम होता. दुरुस्त केलेली वस्तू वाजवून दाखवल्याबिगर हातातून सोडायची नाही. हॉर्न असला तर ड्रायव्हरला पार रस्त्यापलीकडं, चिंचेखाली उभा करायचा आणि इकडून वाजवायचा. "तितनं ऐक," म्हणायचा. "जवळनं तर कंचाबी वाजतो. लांबनं वाजला तर खरा."

आता बीकन म्हणजे काय ते सांगायला हवं, त्याच्यावाचून पुढचं कळायचं नाही. पुण्याच्या विमानतळाशेजारी माळावर एक खोली होती आणि खोलीत एक यंत्र. ते दिवसभर एकच सूर हवेत सोडत बसायचं: टि-टाऽ, टाऽऽ. विमानातल्या रेडिओ कंपासचा काटा त्या सुराकडं तोंड करून राहायचा. ढगात हाताला हात दिसत नसला तरी काट्याच्या मागं मागं गेलं, की विमान बीकनच्या डोक्यावर यायचं. डोक्यावरून पुढं सरकलं की काटा गर्रकन फिरून मागं बघायचा. तिथून पुढं सगळा कारभार घड्याळावर. वळायचं, तीन मिनिटं पश्चिमेकडं जात खाली यायचं, पुन्हा वळायचं, की समोर धावपट्टी. खाली काय आहे हे कुणी बघत नाही, कारण दिसतच नाही. काट्यावर भरवसा, बस्स.

तो सूर एका फिरत्या चकतीवरच्या दातांनी निघायचा. ती चकती जिथं कुठं कापली होती तिथंच तिच्या शेवटच्या लांब दाताला एक खोच पडली होती, त्यामुळं शेवटचा सूर मध्येच अडखळायचा: टाऽ-अऽ. वैमानिकांनी त्याचं नाव ठेवलं होतं बोबडा. घाट ओलांडला की कॅप्टन उद्धवराव न चुकता विचारायचे, "गुलजार, बोबडा बोलला का?" आणि गुलजार म्हणायचा, "बोलला साहेब." मगच ते काट्याकडं बघायचे.

ह्या यंत्राला एक जोडीचं यंत्र होतं, अडीअडचणीला म्हणून ठेवलेलं. तेही त्याच लहरीवर, आणि त्याची चकतीही त्याच साच्यातली, तीच खोच असलेली. ते बंद पडलं तेव्हा दुरुस्तीचं काम पुण्यातल्या आबाजी नावाच्या ठेकेदाराला मिळालं. आबाजीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं ते खोकं गुपचूप ट्रकात घातलं आणि चांदभाईच्या शेडमध्ये आणून टाकलं. ज्या गुरुवारची ही गोष्ट, त्याच्या तीन आठवडे आधी गुलजार घरी आला होता तेव्हा ते टेबलावर उघडंवाघडं पडलं होतं.

"ह्येच व्हय रं तुजं ते?" चांदभाईनं विचारलं होतं.

"त्याचं भावंड आहे, अब्बा. रोज ऐकतो मी त्याला."

एवढंच बोलणं. पोराला गाडी गाठायची घाई होती.

मग १९५२ च्या ऑगस्टमधला तो गुरुवार. मुंबईहून साडेतीनचं विमान, डकोटा, अठरा उतारू आणि पुढं ही तीन माणसं: कॅप्टन उद्धवराव, त्यांच्या उजव्या हाताला साताऱ्याकडचा ज्योतीराम नावाचा नवखा वैमानिक, आणि मागं गुलजार. त्याच्या खिशात बापाचं पोस्टकार्ड होतं, आदल्या दिवशी आलेलं. त्यात ख्यालीखुशालीनंतर एक ओळ होती: 'गुरुवारी येताना कान उघडे ठेव.' गुलजारला वाटलं, म्हातारा जपून राहा म्हणतोय. बापाला असं लिहायला कधी सुचलं नव्हतं, म्हणून बरंही वाटलं.

खंडाळ्याच्या अलीकडंच ढगांनी गिळलं. श्रावणातला ढग; पंखाचं टोकसुद्धा दिसेना. काचांवरून पाणी आडवं पळत होतं आणि मागं उतारूंपैकी कुणीतरी सारखं ओकत होतं. गुलजारनं बीकनची लहर लावली. थोडी खरखर झाली आणि सूर आला, मोठा, खणखणीत.

टि-टाऽ, टाऽऽ.

"बोबडा बोलला का?"

"बोलला साहेब. पण..." गुलजारला हसू आलं. "आज अडखळत नाही. साफ बोलतोय."

उद्धवरावांनी आपल्या कानावरचा फोन सरळ केला, दोन वेळा ऐकलं. "अरे वा! सुधारला की लेकाचा. शेवटी कुणीतरी हात लावला म्हणायचं त्या चकतीला." ज्योतीरामही हसला. काटा नाकासमोर ताठ उभा होता, जरासुद्धा लवत नव्हता. इतका छान काटा श्रावणात कधी मिळत नाही. तिघांनाही हायसं वाटलं, आणि तिथंच तिघंही फसले.

चार वाजायला दोन मिनिटं कमी असताना काटा थरथरला आणि गर्रकन मागं फिरला.

"बीकन," ज्योतीराम म्हणाला.

गुलजारनं घड्याळ बघितलं. हिशेबानं चार वाजून दोन मिनिटांनी फिरायला हवा होता. "साहेब, चार मिनिटं आधी आलो."

"मागून वारा आहे. ह्या दिवसांत चार काय, सहासुद्धा मिळतील," उद्धवराव म्हणाले आणि विमान डावीकडं कललं. "टॉवरला कळव. बीकनवर आहोत, उतरायला सुरुवात करतोय."

गुलजारनं कळवलं. इंजिनांचा आवाज खाली आला. उंची दाखवणारा काटा हळूहळू घरंगळायला लागला: साडेचार हजार, चार हजार. विमान पश्चिमेकडं तोंड करून ढगात खाली खाली निघालं.

टॉवरचं उत्तर यायला थोडा वेळ लागला. आणि आलं ते असं आलं: तुमच्या इंजिनांचा आवाज आम्हाला ऐकू येत नाही.

बीकन टॉवरपासून हाकेच्या अंतरावर. डकोटा त्याच्या डोक्यावरून गेला तर टॉवरच्या काचा थडथडतात. गुलजारनं ते उत्तर पुढं सांगितलं तेव्हा त्याचा स्वर त्यालाच वेगळा वाटला.

"एवढ्या पावसात काय डोंबल ऐकू येणार त्यांना," उद्धवराव म्हणाले. "एक मिनिट झालं. ज्योतीराम, उंची बोलत राहा."

"तीन हजार सहाशे."

गुलजारला मात्र ते पटेना. त्यानं आवाज पूर्ण मोठा केला आणि डोळे मिटले. टि-टाऽ, टाऽऽ. साफ, गुळगुळीत, नको तितका साफ. पण त्याच्या तळाशी एक बारीक घरघर होती, दोन माणसं एकाच वेळी एकच गाणं म्हणतात आणि सूर किंचित चुकतो तेव्हा होते तशी. तो सूर संपला. पुढचा सुरू व्हायच्या आधीची जी एवढीशी पोकळी, तिच्यात त्यानं कान घातला.

आणि तिथं, पार लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा दुसरा सूर आला.

टि-टाऽ, टाऽ-अऽ.

बोबडा! तो होता, आपल्या जागी होता, नेहमीसारखा अडखळत होता. मग हा दुसरा कोण? ह्या लहरीवर, हेच बोल बोलणारा दुसरा कोण असणार? शेवटचा दात असा घासून पुसून गुळगुळीत करणारा, वस्तूतली एवढीशी खोट ज्याच्या डोळ्यांत खुपते असा, सगळ्या मुलखात दुसरा कोण आहे? 'कान उघडे ठेव.' 'लांबनं वाजला तर खरा.' या अल्ला! बापानं ते वाजवून दाखवायला चालू केलं होतं. आपल्यासाठी. आत्ता मागं जो काटा फिरला तो विमानतळावर नव्हता. तो चिंचवडला, आपल्या घरावर फिरला होता.

आणि चिंचवडापासून पश्चिमेकडं तीन मिनिटं उतरत गेलं, तर पुढं काय आहे, हे त्याला डोळे मिटून सांगता येत होतं. लहानपणी दर श्रावणात पोरांबरोबर तो तिथं चढून गेला होता. घोरवडेश्वराचा डोंगर.

"साहेब, वर घ्या!"

"काय झालं?"

"हा बीकन नाही साहेब. वर घ्या. पुढं डोंगर आहे."

"गुलजार, काटा ताठ आहे," उद्धवराव मागं न बघता म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण त्यांना राग आलेला कळत होता. उतरताना मध्ये बोललेलं त्यांना खपत नसे. "सूर तूच ऐकलास. तूच बोलला म्हणालास."

"तीन हजार दोनशे," ज्योतीराम म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

आता सांगायचं कसं? कुठल्या तोंडानं सांगायचं? शरमेनं जीभ जड झाली होती, पण भीती शरमेपेक्षा मोठी होती. मागं अठरा माणसं पोटाशी पिशव्या धरून बसली होती आणि ह्या क्षणी त्यांच्या मरणावर आपल्या बापाचं नाव लिहिलं जात होतं.

"साहेब, तो माझा बाप आहे!" गुलजार ओरडला. "चिंचवडला! जोडीचं यंत्र त्याच्याकडं दुरुस्तीला आहे, त्यानं मला ऐकवायला चालू केलंय. खरा बोबडा मागून अडखळतोय, मी ऐकला, आत्ता ऐकला! आईशप्पथ साहेब, वर घ्या!"

तेवढ्या बोलण्यात विमान आणखी किती खाली गेलं असेल कोण जाणे. मग उद्धवरावांनी दोन्ही इंजिनांचे थ्रॉटल पार पुढं रेटले आणि दांडा पोटाशी ओढला.

इंजिनांनी असा टाहो फोडला की मागं बायामाणसं किंचाळली. विमान उठायला लागलं, पण असं जड, असं सावकाश, की गुलजारनं बूड उचलून धरलं, जणू तेवढ्यानं वजन कमी होणार होतं. आणि तेवढ्यात डावीकडचा ढग फाटला.

पंखाखाली डोंगर होता. ओला काळा कातळ, त्याच्यावर हिरवं गवत, आणि गवतात सातआठ शेरडं चौखूर पळत सुटलेली. डोक्यावर इरलं घेतलेला एक माणूस वर बघत उभा होता. त्यानं दोन्ही हातांनी इरलं गच्च धरलं होतं. त्याचा आ वासलेला गुलजारला स्पष्ट दिसला. मग ढग पुन्हा मिटला.

ज्योतीराम उंची सांगायची विसरून गेला होता, आणि उद्धवरावांच्या मानेवरून घामाची धार कॉलरमध्ये उतरत होती. सहा हजारांवर आल्यावर त्यांनी विमान सरळ केलं, एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "टॉवरला सांग, बीकन एक मिनिट बंद करा."

गुलजारला कळलं. त्यानं निरोप दिला आणि तिघंही काट्याकडं बघत राहिले. टॉवरनं सांगितलं, बंद केलंय. लांबचा बोबडा गप्प झाला. जवळचा मात्र छान बोलत होता, टि-टाऽ, टाऽऽ, आणि काटा त्याच्याकडं बोट दाखवून ताठ उभा होता, जरासुद्धा हललेला नव्हता.

"अरे देवा," उद्धवराव हळूच म्हणाले.

पुढची दहा मिनिटं गुलजारच्या आयुष्यातली सगळ्यात लांब. काट्याकडं बघायचंच नाही असं ठरलं. होकायंत्र आणि घड्याळ, एवढ्यावर सहा हजारांवरून सरळ पूर्वेला जायचं, आणि गुलजारनं ऐकायचं. बोबडा पुन्हा चालू झाला होता. चिंचवडावरून जाताना बापाच्या सुरानं कान फुटायची वेळ आली. काटा फिरला, कुणी बघितलं नाही. मग तो सूर मागं पडायला लागला. एक मिनिट दोन्ही सूर एकमेकांत असे गुंतले की गुलजारला काही म्हणता काही उमजेना, आणि काटा वेड लागल्यासारखा इकडून तिकडं झुलू लागला. उद्धवराव सारखे विचारत होते, "कोण मोठा? कोण मोठा रे?" आणि गुलजार म्हणत होता, "थांबा साहेब. अजून थांबा."

मग तो आला. टाऽ-अऽ. अडखळत, जड जिभेचा. त्याला ऐकून गुलजारला रडूच फुटलं.

"बोबडा मोठा, साहेब! बोबडाच!"

काटा एकदा झुलला आणि थांबला. थोड्या वेळानं फिरला. आणि टॉवरनं न विचारता सांगितलं, आता तुमचा आवाज ऐकू येतोय.

साडेचारला चाकं जमिनीला लागली. उतारू शिव्या देत, छत्र्या उघडत उतरले. विमान एवढं हिंदकळवलं म्हणून एका गृहस्थांनी ज्योतीरामला चांगलं फैलावर घेतलं. तो बिचारा "सॉरी, सॉरी" म्हणत राहिला.

उद्धवराव पंखाखाली उभे राहून सिगरेट पेटवायला बघत होते. तीन काड्या मोडल्या. चौथी त्यांनी पेटवलीच नाही.

"साहेब, तुम्ही माझं ऐकलंत," गुलजार म्हणाला.

"खोटं बोलणारा माणूस बापाचं नाव पुढं करत नाही," ते म्हणाले. मग त्याच्याकडं बघायचं टाळत बोलले, "कंपनीची मोटार घे आणि जा. आधी ते यंत्र बंद कर. टॉवरनं पुढची विमानं मुंबईलाच थांबवलीत. मला रिपोर्ट लिहायचाय. यंत्र कुणी चालवलं, त्या ओळीत आठ वाजेपर्यंत काही लिहीत नाही. त्याच्यानंतर मात्र लिहावंच लागेल, गुलजार. माझा इलाज नाही."

चिंचवडला पोहोचेतो पाऊस थांबला होता. शेडसमोर ही गर्दी! कडुनिंबाच्या शेंड्यापासून रस्त्यापलीकडच्या चिंचेपर्यंत तांब्याची तार ताणलेली, खाली टेबलावर यंत्र, शेजारी ट्रकच्या चार बॅटऱ्या, आणि खुर्चीवर नवरदेवासारखा चांदभाई. चकती फिरत होती. नूरबी, गुलजारची आई, शेवयांचं पातेलं घेऊन उभी होती आणि सगळ्या आळीला वाटत होती.

गुलजारनं कुणाकडं न बघता सरळ जाऊन बॅटरीची तार उपसली. चकती थांबली.

"आरं आरं!" चांदभाई हसला. "मालकाला दमच न्हाई. ऐकलास का न्हाई, आदी ते सांग. कसा वाजत हुता?"

"ऐकला, अब्बा."

"लांबनं?"

"लांबून."

"बगा!" चांदभाईनं आळीकडं बघून मांडीवर थाप मारली. "घाटापास्नं ऐकला आसंल. तीन दिस कानस घेऊन बसलो हुतो. मूळचा शेवटाला आडखळायचा, कानाला टोचायचं. पार साफ केला."

"आन तुमी बी किती जवळनं आलासा!" मंजुळाबाई मध्येच म्हणाल्या. "ढगामुळं दिसला न्हाईसा, पर आवाज आसा डोक्यावरनं गेला, की आमी समद्यांनी आवाजाला हात केलं. तुजी आय तर पदर हालवीत हुती."

गुलजारनं आईकडं बघितलं. ती हसत होती. तो पायरीवर बसला.

"अब्बा, आम्ही ते नुसतं ऐकत नाही," तो म्हणाला. "आम्ही त्याच्यावर चालतो."

मग त्यानं सांगितलं. काटा कसा असतो ते, तो घरावर कसा फिरला ते, तीन मिनिटं, पश्चिम, घोरवडेश्वर, इरलेवाला माणूस, कॅप्टननी दिलेली आठची मुदत, सगळं. सुरुवातीला आळीतले लोक मध्ये बोलत होते, मग एकेक करून निघून गेले. नूरबी पातेलं खाली ठेवून तिथंच जमिनीवर बसली.

चांदभाई यंत्राकडं बघत होता. त्यानं विचारलं, "किती माणसं हुती?"

"एकवीस."

"तुला धरून?"

"मला धरून."

म्हाताऱ्यानं दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. मग म्हणाला, "मग तुला उमगलं कसं?"

"तुमचा साफ होता. खरा अडखळतो. दोन वेगळे ऐकू आले."

चांदभाईनं टेबलावरची कानस उचलली, तिच्याकडं बघितलं. "म्हंजी म्या घासली नसती..."

गुलजारनं त्याच्या हातातली कानस काढून टेबलावर ठेवली.

"मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही, अब्बा. माझीच चूक."

"तुजी न्हाई. वाजवून दाखवायची सवय माजी." तो उठला. शेडमध्ये जाऊन त्यानं खुंटीवरचा काळा कोट अंगात घातला, जो तो फक्त ईदला घालायचा. टोपी घातली. "तुजा कॅप्टन आठापतुर थांबतो न्हवं? चल. माजं नाव मी सोताच सांगतो. कागदावर काय लिवायचं ते लिवू दे."

"नोकरीवर येईल तुमच्या पोराच्या," नूरबी रडत म्हणाली.

"यिऊ दे," चांदभाई म्हणाला. "पोरगं हाय न्हवं."

मोटारीत यंत्र चढवलं. निघताना चांदभाई थांबला, शेडमधला दुरुस्तीला आलेला मोठा रेडिओ त्यानं चालू केला आणि कान लावून गोल बटण हळूहळू फिरवू लागला. आता हवेत दुसरं कुणी नव्हतं. खरखरीतून, दहा मैलांवरून, तो आला: टि-टाऽ, टाऽ-अऽ.

चांदभाई वाकून ऐकत राहिला. जो माणूस ट्रकच्या हॉर्नातली चीर सहन करायचा नाही, तो ती खोच पुन्हा पुन्हा ऐकत होता. त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"ह्योच व्हय?"

"हाच, अब्बा."

"ह्येला कुनाला हात लावू दिऊ नगंस," चांदभाई म्हणाला, आणि रेडिओ बंद करून मोटारीत जाऊन बसला.